अभिजात ब्रिटिश साहित्य आणि माझी प्रतिसादवही : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी विषय घेऊन मी एम. ए.च्या दुसऱ्या वर्षात शिकते आहे. बी. ए.च्या पहिल्या वर्षापासून, अभ्यासक्रमात आलेल्या आणि न आलेल्याही ब्रिटिश साहित्यकृती वाचताना मनात जे येईल ते एका दोनशे पानी वहीत लिहून ठेवण्याची सवय मला लागली. आता अशा तीन वह्या भरल्या असून चौथी चालू आहे. खालच्या वर्गांतील विद्यार्थी या वह्या मागायला येतात आणि वही हातात घेण्यापूर्वी बहुतेक जण तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून त्यांची उत्तरे एकदाच नीट लिहून काढली आहेत.

प्रतिसाद लिहायचा म्हणजे नेमके काय लिहायचे? सारांशापेक्षा तो वेगळा कसा?

सारांशात पुस्तकात काय घडले ते येते. प्रतिसादात ते वाचत असताना वाचणाऱ्याचे काय झाले ते येते. कोठे हसू आले, कोठे चीड आली, कोठे पान उलटून मागे जावे लागले आणि कोठे चक्क डोळा लागला, हे सगळे त्यात बसते. मात्र हे 'कोठे' अगदी नेमके असावे लागते. माझी पद्धत साधी आहे. वहीच्या डाव्या पानावर प्रकरणाचा क्रमांक आणि मूळ पुस्तकातील एक-दोन वाक्ये उतरवून घ्यायची आणि समोरच्या उजव्या पानावर आपले म्हणणे मांडायचे. डावे पान रिकामे असेल तर उजव्या पानाला हात लावायचा नाही, एवढा एकच नियम मी कटाक्षाने पाळते. पहिल्या वहीत हा नियम नव्हता आणि त्यामुळे त्या वहीतील निम्मी पाने आज मलाच वाचवत नाहीत.

'ही कादंबरी मला फार आवडली' असे लिहिले तर काय बिघडले? ते खरेच असेल तर?

बिघडत काहीच नाही, फक्त त्यातून काही कळत नाही. केंब्रिजमधील प्राध्यापक आय. ए. रिचर्ड्स यांनी १९२० च्या दशकात एक प्रयोग केला होता. कवीचे नाव आणि काळ न सांगता त्यांनी विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या आणि त्यांच्याकडून लेखी अभिप्राय मागवले. त्यातील १३ कवितांवरचे अभिप्राय त्यांनी १९२९ साली आपल्या ग्रंथात तपासले. चांगल्या शिकलेल्या मुलामुलींनीही नावाजलेल्या कवींच्या कविता टाकाऊ ठरवल्या होत्या आणि सामान्य कवितांना डोक्यावर घेतले होते. मला त्या ग्रंथात सर्वांत उपयोगी वाटते ती वाचकांच्या चुकांची यादी. आधीच तयार असलेली भावना कवितेवर चिकटवणे, ही त्यातील एक चूक. आई म्हटले की डोळ्यांत पाणी आणि संध्याकाळ म्हटली की हुरहुर, असे हे छापील प्रतिसाद असतात. 'फार आवडली' हे वाक्य बहुतेक वेळा याच जातीचे असते, कारण त्यात पुस्तकाचे नाव बदलले तरी वाक्य जसेच्या तसे राहते.

स्वतःचे अनुभव कितपत आणावेत?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला जातो आणि त्याचे उत्तर मला चूक करूनच मिळाले, त्यामुळे ते जरा सविस्तर देते.

दुसऱ्या वर्षाला आम्हाला चार्ल्स डिकन्स यांची 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स' ही कादंबरी होती. डिसेंबर १८६० ते ऑगस्ट १८६१ या काळात ती एका साप्ताहिकातून क्रमशः प्रसिद्ध झाली. पिप हा लोहाराच्या घरी वाढलेला अनाथ मुलगा अज्ञात उपकारकर्त्याच्या पैशावर लंडनमध्ये 'सभ्य गृहस्थ' होण्याचे शिक्षण घेऊ लागतो. सत्ताविसाव्या प्रकरणात त्याला वाढवणारा त्याचा मेहुणा, जो नावाचा लोहार, त्याला भेटायला येतो. येणार हे कळल्यावर पिपच्या मनात काय येते? पैसे देऊन त्याचे येणे टाळता आले असते तर आपण ते खुशाल दिले असते, असे तो स्वतःच सांगतो.

ते वाक्य वाचून मी वही बंद केली होती. आमची गावात पिठाची गिरणी आहे. मी पहिल्या वर्षाला असताना दिवाळीच्या आधी आण्णा ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन वसतिगृहावर आले आणि कार्यालयाबाहेरच्या बाकावर बसून राहिले. फरशी नुकतीच पुसलेली होती म्हणून त्यांनी पिशवी खाली टेकवली नाही, मांडीवरच धरून ठेवली, आणि त्यांच्या विजारीवर पिठाचा पांढरा पट्टा उमटला. जिन्यावरून उतरताना खोलीतल्या मैत्रिणीने कोण आले आहे म्हणून विचारले आणि मी 'गावाकडचे आहेत' एवढेच सांगितले. वडील हा शब्द मी उच्चारला नाही.

हे सगळे मी वहीत लिहिले आणि मोठ्या विश्वासाने आमच्या शिक्षकांना दाखवले. त्यांनी लाल शाईने खाली लिहिले, 'पहिल्या परिच्छेदात पिप आहे. पुढची तीन पाने तुम्ही आहात. पिप परत कधी येणार?' मला त्या वेळी राग आला. मनातले लिहा म्हणायचे आणि लिहिले की गुण कापायचे, असे वाटले.

राग शमल्यावर ते प्रकरण पुन्हा उघडले. जो पिपच्या खोलीत येतो तेव्हा त्याची हॅट त्याला कोठे ठेवावी हे कळत नाही. अंडी असलेले पक्ष्याचे घरटे धरावे तशी तो ती दोन्ही हातांनी धरून ठेवतो, मग शेकोटीवरच्या फळीच्या अगदी टोकाला ठेवतो, आणि ती तेथून पुनःपुन्हा पडत राहते. जो दर वेळी धावून तिला झेलतो आणि शेवटी ती चहाच्या उष्ट्या पाण्याच्या भांड्यात जाते. या परिच्छेदाशेजारी समासात पेन्सिलीने 'हसू आले' असे लिहिलेले होते. अक्षर माझेच होते.

माझा खरा प्रतिसाद तो होता आणि तीन पानांच्या आठवणीत तो कोठेच आला नव्हता. डिकन्सने मला आधी पिपच्या खुर्चीत बसवले होते, जोच्या धांदलीला हसवले होते, आणि मगच पान उलटले होते. हॅट सावरणारा तो माणूस, पिपचा मित्र निघून गेल्यावर, शांतपणे सांगतो की या कपड्यांत मी चुकीचा दिसतो, भट्टीपाशी हातात हातोडा घेतलेला मला पाहिलेस तर इतका दोषास्पद वाटणार नाही. एवढे बोलून तो जातो. शिवाय ही गोष्ट सांगणारा पिप आता प्रौढ झालेला आहे आणि तो तरुण पिपला कोठेही पाठीशी घालत नाही. जोला आपल्यासमोर अवघडल्यासारखे झाले तो दोष आपलाच होता हे समजण्याइतकी अक्कल आणि माया त्या वेळी आपल्यात नव्हती, असे तो स्पष्ट कबूल करतो. दुसऱ्यांदा लिहिलेल्या पानावर हसण्याबद्दल, त्या हॅटबद्दल आणि या प्रौढ आवाजाबद्दल लिहिले. आण्णा त्यात एका वाक्यात मावले.

म्हणून माझे उत्तर असे की अनुभव जरूर आणावा, पण त्याने आपल्याला पुस्तकातील एखाद्या ओळीकडे परत आणून सोडले पाहिजे. रिचर्ड्स यांच्या यादीत 'असंबद्ध आठवणी' हाही एक दोष आहे. आठवण संबद्ध की असंबद्ध हे ओळखण्याची माझी कसोटी अशी की, आठवण लिहून झाल्यावर मूळ परिच्छेद पुन्हा वाचायचा आणि आधी न दिसलेले काही दिसते का ते पाहायचे. काहीच नवीन दिसत नसेल तर ती आठवण रोजनिशीत लिहावी, तेथे तिचा मान राहतो.

आपल्या गावाशी, आपल्या समाजाशी तुलना केली तर चालते का?

चालते, पण वडाची साल पिंपळाला लावण्याचा मोह फार होतो. टॉमस हार्डी यांच्या 'टेस ऑफ द डर्बरव्हिल्स' (१८९१) या कादंबरीत फ्लिंटकोम-ॲश नावाच्या शेतावर वाफेच्या इंजिनावर चालणारे मळणीयंत्र येते. टेसला यंत्राच्या अगदी वर, पेंढ्या सोडून देण्याच्या जागी उभे केले जाते. तिने पेंढीचा बंध सोडायचा आणि शेजारच्या माणसाने ती फिरत्या पिंपावर पसरायची. खालच्या बायकांना मधूनमधून थांबता येते, घोटभर पिता येते, चार शब्द बोलता येतात. टेसला मात्र क्षणाचीही उसंत नाही, कारण यंत्र थांबत नाही आणि यंत्राला भरवणारा माणूसही थांबू शकत नाही. यंत्राच्या थरथरीने तिचे सर्वांग हादरत राहते.

आमच्याकडे सुगीत मळणीयंत्र येते तेव्हाचा आवाज, भुसा आणि कानात तासन्‌तास राहणारी घरघर मला माहीत असल्यामुळे हे प्रकरण मी वाचले नाही, ऐकले. येथपर्यंत तुलना कामाला आली. पुढे मात्र मी लिहून गेले की टेसचे दुःख म्हणजे आपल्याकडच्या शेतकऱ्याचेच दुःख. हे चूक होते. टेस त्या शेताची मालकीण नाही, हंगामापुरती रोजाने लागलेली मजूर आहे. तिचा बाप शेतकरीही नव्हे, गावोगाव फिरून माल विकणारा फेरीवाला आहे, आणि त्यांच्या घराचा करार त्याच्या हयातीपुरताच असल्यामुळे तो मरताच कुटुंब बेघर होते. जात, सावकारी, पाऊस या आपल्याकडच्या गोष्टी तेथे नाहीत. तेथे आहेत ते अशा करारांचे कायदे, चर्चची नीती, आणि इंजिनासोबत परगावाहून आलेला काजळी माखलेला चालक, ज्याला त्या शेताशी काहीही देणेघेणे नाही. साम्य लिहिले की त्याच पानावर निदान एक फरक लिहायचा, हे मी तेव्हापासून ठरवून टाकले आहे.

जेन ऑस्टेन यांच्या कादंबऱ्यांत लग्ने जमवण्याशिवाय आहे तरी काय?

हा प्रश्न विचारणाऱ्यांत मुलगे जास्त असतात, असे निरीक्षण नोंदवून ठेवते. 'प्राइड अँड प्रेज्युडिस' (१८१३) उघडून आकडे मोजावेत, असे मी त्यांना सांगते. लग्नाळू तरुण बिंगली वर्षाला चार-पाच हजार पौंड, त्याचा मित्र डार्सी दहा हजार, आणि नायिका एलिझाबेथच्या बेनेट कुटुंबाची मिळकत सुमारे दोन हजार, तीही पुरुष वारसालाच जाईल अशा अटीने बांधलेली, म्हणजे वडील गेले की आई आणि पाच मुली घराबाहेर. माणूस आत येण्याआधी त्याचे उत्पन्न आत येते. 'स्थळ' हा शब्द ज्या भाषेत जागेसाठी आणि वरासाठी एकच आहे, त्या भाषेच्या वाचकाला हे समजावून सांगण्याची गरज पडू नये.

माझ्या वहीत एलिझाबेथपेक्षा तिची मैत्रीण शार्लट लुकस हिच्यावर जास्त पाने आहेत. सत्तावीस वर्षांची शार्लट, एलिझाबेथने नाकारलेल्या कंटाळवाण्या पाद्री कॉलिन्सशी उघड्या डोळ्यांनी लग्न करते. पहिल्या वाचनात मला तिचा तिटकारा आला होता. नंतर एक बारीक तपशील सापडला. एलिझाबेथ तिच्या घरी राहायला जाते तेव्हा तिला आश्चर्य वाटते की शार्लटने स्वतःच्या बसण्यासाठी मागच्या बाजूची साधी खोली का निवडली असावी. लवकरच तिला उलगडा होतो. मोठी, प्रसन्न खोली घेतली असती तर कॉलिन्स सारखा तेथेच येऊन बसला असता. नवऱ्याला बागकाम करण्याचे उत्तेजनही ती मनापासून देते. एका घरात, एका खोलीच्या निवडीत, आख्खा संसार निभावून नेण्याची ही युक्ती ऑस्टेन दोन वाक्यांत सांगून पुढे निघून जातात. त्यावर मी चार पाने लिहिली आणि तरी माझे म्हणणे संपलेले नाही.

पुस्तक कंटाळवाणे वाटले तर खरे लिहावे का?

अवश्य लिहावे, मात्र कंटाळा कोठे आला त्याचा पत्ता द्यावा. जॉर्ज एलियट हे टोपणनाव घेतलेल्या मेरी ॲन इव्हान्स यांची 'मिडलमार्च' ही कादंबरी १८७१-७२ मध्ये आठ भागांत प्रसिद्ध झाली. मी ती दोनदा अर्ध्यावर सोडली आणि दोन्ही वेळा जवळजवळ एकाच ठिकाणी, कॅसॉबन नावाच्या वयस्क विद्वानाशी नायिका डोरोथियाचे लग्न होते त्या सुमारास. तिसऱ्यांदा त्याच्या पुढे गेले तेव्हा विसाव्या प्रकरणात ती मधुचंद्रासाठी रोमला गेलेली आणि एकटीच हुंदके देत बसलेली दिसली. लेखिका तेथे म्हणते की साध्या माणसांच्या आयुष्यातील सगळे दुःख आपल्याला जाणवू लागले, तर ते गवत वाढण्याचा आणि खारीच्या काळजाच्या ठोक्यांचा आवाज ऐकू येण्यासारखे होईल. तेव्हा लक्षात आले की मला जो कंटाळा येत होता तो कॅसॉबनच्या सहवासाचा होता आणि डोरोथियालाही तोच येत होता. प्रत्येक कंटाळ्यामागे असा अर्थ निघतोच असे नाही. काही पुस्तके मला आजही कंटाळवाणी वाटतात आणि वहीत तसेच लिहून ठेवले आहे.

या पुस्तकांत भारताचा उल्लेख आला की काय करावे?

पेन्सिल हातात घ्यावी. हे उल्लेख बहुधा अर्ध्या वाक्यात येतात आणि इंग्रज वाचक ज्यावरून सहज पुढे जातो तेथे आपण अडखळतो. या अडखळण्याचा मला फार फायदा झाला आहे.

थॅकरे यांचा जन्म १८११ साली कोलकात्यातला. त्यांच्या 'व्हॅनिटी फेअर' मध्ये (१८४७-४८) बेकी शार्प ही हिकमती मुलगी, भारतात कलेक्टर असलेल्या जोस सेडलीला गळाला लावण्यासाठी त्याच्या घरच्या जेवणावर हिंदुस्थानी कढीरस्सा तारीफ करत गिळते. तोंड भाजत असतानाच जोस तिला त्यासोबत 'चिली' घ्यायला सांगतो आणि इंग्रजीत त्या उच्चाराचा अर्थ 'गार' असाही होत असल्यामुळे ती मोठ्या आशेने हिरवीगार मिरची तोंडात टाकते. पुढचे सांगायला नको. आमच्या खोलीत हे प्रकरण मोठ्याने वाचले गेले आणि सांगली-कोल्हापूरकडच्या मुलींनी बेकीला अजिबात दया दाखवली नाही.

काही उल्लेख इतके हसण्यावारी नेता येत नाहीत. 'वदरिंग हाइट्स' (१८४७) मधील काळ्यासावळ्या अनाथ हीथक्लिफला शेजारचे श्रीमंत गृहस्थ 'लास्कर', म्हणजे ब्रिटिश जहाजांवर राबणारा हिंदी खलाशी, असावा असे म्हणतात. 'लष्कर' या आपल्या ओळखीच्या शब्दाचाच तो भाऊबंद. त्याच वर्षी आलेल्या 'जेन एअर' मध्ये सेंट जॉन हा धर्मोपदेशक जेनला जर्मन सोडून हिंदुस्थानी भाषा शिकायला लावतो, कारण त्याला ती पत्नी आणि सहकारी म्हणून भारतात न्यायची आहे. बहीण म्हणून येईन पण बायको म्हणून येणार नाही, हे जेनचे उत्तर मला तिच्या सर्व उत्तरांत मोठे वाटते. कादंबरीचा शेवट जेन आणि तिचा नवरा झालेल्या रॉचेस्टरवर होत नाही, भारतात मरणाची वाट पाहणाऱ्या याच सेंट जॉनच्या पत्रावर होतो, याकडे वर्गात कोणी लक्ष वेधल्याचे मला आठवत नाही.

माझा सर्वांत आवडता अडखळा व्हर्जिनिया वुल्फ यांच्या 'अ रूम ऑफ वन्स ओन' (१९२९) मधला आहे. स्त्रीला लिहायचे असेल तर वर्षाला पाचशे पौंड आणि स्वतःची खोली हवी, हे वाक्य सगळ्यांना पाठ असते. पण पुस्तकातील निवेदिकेला हे पाचशे पौंड मिळतात कोठून? तिची आत्या मुंबईत हवा खायला घोड्यावरून निघालेली असताना पडून मरते आणि तिच्या मृत्युपत्रातून ते येतात. निवेदिका काल्पनिक आहे आणि आत्याही. तरी त्या स्वातंत्र्याचा हिशेब मुंबईच्या एका रस्त्यावर येऊन थांबतो, हे वाचल्यावर मी बराच वेळ पुढे गेले नाही. त्या घोड्याचा लगाम धरायला कोण होते, असा प्रश्न उजव्या पानावर लिहिलेला आहे. उत्तर अजून लिहिलेले नाही.

न पाहिलेल्या फुलांवरच्या कवितेला प्रतिसाद कसा द्यायचा?

वर्ड्‌स्वर्थ यांच्या डॅफोडिल्सवरच्या कवितेबद्दल हा प्रश्न हमखास येतो. ती शाळेत पाठ केली तेव्हा मी कासच्या पठारावरची फुले डोळ्यांसमोर आणली होती आणि त्यात गैर काही नव्हते. कविता खरी उघडली ती वेगळ्याच वाटेने. १५ एप्रिल १८०२ रोजी अल्सवॉटर तलावाच्या काठी ती फुले दिसली तेव्हा कवीसोबत त्यांची बहीण डोरोथी होती. तिने रोजनिशीत लिहिले आहे की काही फुलांनी थकून दगडांवर उशीसारखी मान टेकली होती आणि बाकीची डोलत, नाचत होती. दोन वर्षांनी भावाने कविता लिहिली आणि १८०७ मध्ये ती छापली गेली, तेव्हा नाच तेवढा उरला. थकलेली फुले गेली आणि बहीणही गेली, कारण कवितेत कवी ढगासारखा एकटा भटकतो आहे. शेवटच्या कडव्यातील अंतर्दृष्टीबद्दलच्या दोन प्रसिद्ध ओळी पत्नी मेरीने सुचवल्या, हे वर्ड्‌स्वर्थ यांनी स्वतःच सांगितले आहे. इतक्या सोबतीतून निघालेले ते एकटेपण मला आता जास्त विचार करायला लावते. शिवाय डोरोथीची रोजनिशी म्हणजे प्रतिसादवहीच होती, हा माझा पक्षपात.

प्रतिसाद मराठीत लिहावा की इंग्रजीत?

शिक्षकांना द्यायचा तो ते सांगतील त्या भाषेत. स्वतःसाठी मी पहिला मसुदा मराठीतच करते, कारण इंग्रजीत लिहायला बसले की पाठ झालेली समीक्षेची वाक्ये आपोआप उतरू लागतात. मराठीत तशी तयार वाक्ये माझ्याकडे नाहीत, त्यामुळे शोधावे लागते.

या शोधाचा एक अनपेक्षित लाभ सांगते. लोहार जो हा पिपशी बोलताना मध्येच 'पिप' म्हणतो आणि मध्येच 'सर' म्हणतो. इंग्रजीत दोन्ही वेळा सर्वनाम एकच. मी ते संवाद मराठीत उतरवायला घेतले तेव्हा प्रत्येक वाक्याला 'तू' की 'तुम्ही' हे ठरवावे लागले. मित्र समोर असेपर्यंत जो 'अहो-जाहो'कडे ओढला जातो आणि मित्र गेल्यावर हळूहळू 'अरे-तुरे'वर येतो, हे मला त्या कामामुळेच दिसले.

मराठीने या साहित्याला दिलेले प्रतिसादही वाचावेत. आगरकरांनी 'हॅम्लेट' १८८३ मध्ये 'विकारविलसित' या नावाने मराठीत आणले, देवलांनी 'ऑथेल्लो'चा 'झुंझारराव' केला, आणि शिरवाडकरांचे 'नटसम्राट' (१९७०) 'किंग लिअर'शी उघड नाते सांगते. मी आधी 'नटसम्राट' पाहिले आणि नंतर 'लिअर' वाचले. त्यामुळे मला पहिल्याच अंकात चुकल्यासारखे वाटू लागले की या राजाचे 'सरकार' कोठे आहेत? नटसम्राट बेलवलकरांच्या सोबतीला त्यांचे 'सरकार', म्हणजे पत्नी कावेरी असते, त्यांना आवरते, सावरते. शेक्सपिअरने लिअरला राणी दिलेलीच नाही आणि तिचा उल्लेखही जवळपास नाही. ही पोकळी मला मराठी नाटकाने दाखवली.

आधी चित्रपट पाहिला असेल तर?

हरकत नाही. फक्त पुस्तकात नसलेली दृश्ये पुस्तकाच्या नावावर खपवू नयेत.

आंतरजालावरील सारांश वाचून किंवा संगणकाकडून प्रतिसाद लिहून घेतला तर?

सारांश अडलेल्या ठिकाणी मीही वाचते. प्रतिसाद दुसऱ्याकडून लिहून घेणे हे मात्र दुसऱ्याला जेवायला बसवून आपण ढेकर देण्यासारखे आहे.

नंतर मत बदलले तर जुने पान फाडावे का?

फाडू नये. त्याखाली तारीख घालून नवीन मत लिहावे. 'जेन एअर' बद्दल माझ्या पहिल्या वहीत रॉचेस्टरचे कौतुक आहे आणि माळ्यावर कोंडलेल्या त्याच्या पहिल्या पत्नीला, बर्थाला, 'वेडी' या एका शब्दात निकालात काढले आहे. तिसऱ्या वहीत तेच प्रकरण पुन्हा आले तेव्हा मला असे आढळले की बर्था संपूर्ण कादंबरीत स्वतःबद्दल एक वाक्यही बोलत नाही, तिची बहुतेक हकीकत रॉचेस्टरच्याच तोंडून कळते. जुने पान वाचताना लाज वाटते, पण ते नसते तर वाचक म्हणून मी कोठून निघाले हे मलाच सांगता आले नसते. डिकन्सनेही मित्राच्या सल्ल्यावरून 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चा शेवट बदलला, तरी आधीचा शेवट शिल्लक राहिला आणि आज दोन्ही वाचायला मिळतात. मला आधीचा, कोरडा शेवट जास्त पटतो.

परीक्षेत याचा उपयोग होतो का?

थेट फारसा नाही. 'चर्चा करा' अशा प्रश्नाला आण्णांची पिशवी लिहून गुण मिळत नाहीत. मात्र अवतरणे पाठ करावी लागत नाहीत, कारण डाव्या पानावर ती स्वतःच्या हाताने उतरवलेली असतात.

सुरुवात कोणत्या पुस्तकापासून करावी?

ज्याला वेळ कमी आहे त्याने 'ग्रेट एक्स्पेक्टेशन्स'चे फक्त सत्ताविसावे प्रकरण घ्यावे, ते एका बैठकीत वाचून होते. ज्याला विनोद आवडतो त्याने ऑस्टेन घ्याव्यात. 'मिडलमार्च' पहिले पुस्तक म्हणून घेऊ नये, हे मी दोनदा हरलेल्या माणसाच्या अधिकाराने सांगते.

तुमच्या वह्या वाचायला मिळतील का?

दुसरी आणि तिसरी मिळेल. पहिली कोणालाही देत नाही आणि चौथी चालू आहे. एका वेळी एक वही, आठ दिवसांसाठी, आणि तीही स्वतःचे निदान एक पान लिहून दाखवल्यावर. समासात लिहायला परवानगी आहे, फक्त पेन्सिलीने.